तुम्ही विचारलंत म्हणून: हातानं चालते ती स्क्रिप्ट क्लाउडवर का अडते?

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांची बिलिंगची कामं क्लाउडवर चढवणारी कोल्हापूरची मंडळी हमखास विचारतात, "स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालते. युझर डेटात टाकली की सर्व्हर कोरा. का?" (स्क्रिप्ट म्हणजे ओळीनं लिहिलेल्या आज्ञांची फाइल, आणि युझर डेटा म्हणजे क्लाउडवरचा सर्व्हर उठताना आपोआप चालवायची स्क्रिप्ट टाकायची जागा.)

हातानं चालवताना 'वाय' (होय) दाबायला तुम्ही समोर असता, बूट होताना कोणी नसतं. म्हणून प्रोग्रॅम बसवणाऱ्या 'एपीटी-गेट इन्स्टॉल' आज्ञेला 'वजा वाय' हवंच, शिवाय 'डेबियन फ्रंटएंड' नॉनइंटरॅक्टिव्ह करायचा, म्हणजे ती प्रश्न विचारत थांबत नाही. उबुंटू (सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली) उठल्या उठल्या स्वतःचे अपडेट घेत असेल तर एपीटीचं कुलूप (एका वेळी एकालाच इन्स्टॉल करू देणारं) त्याच्याकडे असतं आणि तुमचं इन्स्टॉल तिथंच पडतं. लॉक टाइमआउट ३०० सेकंद दिला की ते पाच मिनिटं वाट बघतं.

स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्वाधिकारी युझर, म्हणून चालते, त्यामुळं ते अधिकार मागणारी सुडो आज्ञा लागत नाही, पण तयार झालेल्या फाइल्स रूटच्या होतात. त्या मालक बदलणाऱ्या चाऊन आज्ञेनं ॲपच्या युझरला द्या. होम व्हेरिएबल (युझरच्या फोल्डरचा पत्ता) भरलेलं असेलच असं नाही, तेव्हा फाइलचा पाथ पूर्ण लिहा.

सगळ्यात छळतं ते विंडोजचं नोटपॅड. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह राहतं. शिबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रॅमनं चालवायची ते सांगणाऱ्या, पहिल्या ओळीत 'बॅश'ला ते चिकटलं की लिनक्स त्या शेपटीसकट नाव शोधतो आणि तसा प्रोग्रॅम सापडतच नाही. डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसते. फाइल ही चिन्हं पुसणाऱ्या 'डॉस टू युनिक्स'मधून काढा, मगच युझर डेटात चिकटवा.

ॲमेझॉनवर युझर डेटा १६ केबीपर्यंतच, आणि एरवी फक्त पहिल्या बूटला चालतो. दुरुस्त करून रीस्टार्ट मारत बसणं व्यर्थ. गूगलवर उलट: स्टार्टअप स्क्रिप्ट दर बूटला चालते. तिथं एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीत) ओळ जोडण्याआधी ती आहे का हे मजकूर शोधणाऱ्या ग्रेपनं बघा, नाहीतर दर रीस्टार्टला एक ओळ वाढते.

घड्याळही बघा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर) असतो, मध्यरात्रीचा बॅकअप आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुटतो. टाइमझोन आशिया-कोलकाता करा आणि ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन रीस्टार्ट करा.

डेटाबेसचा पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नका, कृपा करून. ॲमेझॉनवर सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून युझर डेटा वाचू शकतो.

ॲमेझॉनवर अडलं तर व्हार-लॉग फोल्डरमधली 'क्लाउड-इनिट-आउटपुट' लॉग फाइल तळापासून वाचा. दुरुस्ती झाली की तो सर्व्हर पुसून नवा उभा करा. जुन्यावर हातानं केलेली डागडुजी स्क्रिप्टमधली चूक झाकते.