मावशीचं नाव कुठल्याच कागदावर नाही

सीना नदीला पूर आला तो २०२५ च्या सप्टेंबरात. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला तेव्हा सगळ्यांना बातमी कळली, पण आमच्या मावशीच्या घरात पाणी आधीच शिरलेलं. गाव मोहोळ तालुक्यात, नदीपासून चालत दहा मिनिटं. पाणी ओसरल्यावर गेलो तर आधी वास आला, कोठीतली ज्वारी भिजून आंबली होती आणि वरच्या थराला मोड आलेले, अंगणात बाजेवर रेशनकार्ड, आधार, पोरीची अकरावीची पुस्तकं वाळत घातलेली, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. आणि बाहेर पाण्याचा टँकर उभा! मे महिन्यात टँकरची वाट बघणारं गाव, पुरात पण टँकरचीच वाट बघतंय. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास पाऊस पडणारा आपला सोलापूर जिल्हा, लै हसू पण येतं आणि रडू पण.

आता हा एकच पाऊस हवामान बदलामुळंच पडला असं छातीठोक मी सांगणार नाही. पण हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते पडतं तेव्हा एकदम पडतं, एवढं शास्त्र आहे. हवा कुणी तापवली? मावशीकडं गाडी नाही, फ्रीज मागच्या दिवाळीत घेतला, तोही गाळात.

मुद्दा पंचनाम्याचा आहे. मावशी दोन एकर बटईनं करते, अर्धा वाटा. सोयाबीन नि उडीद. सातबारा मालकाचा, ई-पीक पाहणी मालकाच्या नावावर, मालक पुण्यात. बियाणं, खत, खुरपणी हिची, आणि पैसे जमा होणार त्याच्या खात्यात. २०२५ ला आपत्तीच्या नियमात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, दुभत्या जनावराला ३७,५००, असे सगळ्याचे दर ठरलेले होते, सरकारनं त्या वर्षी वर काही वाढवून दिलं ते वेगळं. पण बटईदाराचा दर कुठाय? रोजानं खुरपायला जाणाऱ्या बायांचा हंगाम बुडाला त्याचा रकाना कुठाय? पोरीचं कॉलेज दीड महिना बुडालं आणि घरात लग्नाचा विषय निघायला लागला, ते कोण मोजणार.

मी म्हणलं, "मावशी, मदत मिळेल गं काहीतरी." तर एकदम अंगावर आली. "मदत कसली रं? आमी काय भीक मागायलोय का? आमचं गेलंय ते द्या म्हणावं."

तर गंमत अशी की जगात पण भांडण याच शब्दावर चालू आहे. समुद्रात बुडायला लागलेले छोटे बेटांचे देश १९९१ पासून म्हणतायत की ज्यांनी धूर केला त्यांनी आमचं नुकसान भरून द्यावं. २०१५ च्या पॅरिस करारात आठवं कलम आलं, 'हानी आणि नुकसान' म्हणून, पण सोबतच्या ठरावात ५१ नंबरला श्रीमंत देशांनी लिहून घेतलं की यातून जबाबदारी किंवा भरपाईचा दावा निघणार नाही. म्हणजे द्यायचं, पण देणं लागतो असं म्हणायचं नाही. २०२२ ला शर्म-अल-शेखला फंड काढायचं ठरलं, २०२३ ला दुबईत तो सुरू झाला, तिथं कबूल झालेले पैसे सुमारे ७० कोटी डॉलर, सगळ्या गरीब जगासाठी. मग जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, मोडलं तर भरपाईपर्यंत विषय जाऊ शकतो. मत आहे, हुकूम नाही, पण शब्द तरी मावशीचा आला.

आपल्या सुप्रीम कोर्टानं पण २०२४ मध्ये सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे. ती केस कशाची होती माहितीय का? माळढोकची! राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना धडकून मरतात त्यावरून. आपल्या नान्नजला अभयारण्य आहे त्याच पक्ष्याची, आता तिथं दिसणं म्हणजे नशीब.

मावशीला हे सगळं सांगितलं. ज्वारी निवडत ऐकत होती, मोड आलेली बाजूला, बरी दिसणारी कोंबड्यांना. म्हणाली, "त्या पाखराचं नाव तरी कागदावर हाय."

परवा फोन आला तिचा. वावरात अजून वल आहे, गाळ पण नांगरून निघंल म्हणाली. मालकाच्या खात्यात पैसे पडलेत असं गावात कुणीतरी सांगितलं, तो काही बोलला नाही, हिनं विचारलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की ज्वारी निम्म्यानंच कर, बियाणं मात्र तुझं. ही हो म्हणाली, आणि मला विचारत होती मार्केट यार्डात मालदांडीचं बी काय भावानं आहे ते.