आठवा तुकडा परका निघाला!

४७ ई/१०, म्हणजे कळसूबाईच्या भागाची सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी नकाशा-शीट, आठ तुकडे करून कापडावर चिकटवलेली. ती नव्या कापडावर बसवताना गेले तीन वीकेंड डोकं फुटत होतं, त्याचं कारण काल रात्री एकदाचं सापडलं.

मागचं जुनं कापड सुटलं, आठही तुकडे धुऊन ब्लॉटिंगमध्ये वाळवले, शाई जराही हलली नाही (आईला हाक मारून दाखवलं तर म्हणे छान, आता डायनिंग टेबल मोकळं कर). नव्या मलमलवर सात तुकडे शहाण्यासारखे बसले, खालचा उजवा, कळसूबाईवाला, काही केल्या बसेना. वर कंटूर (समान उंचीच्या रेषा) जुळवले की खाली दोन मिलिमीटरने सरकायचे. एक इंच एक मैलच्या शीटवर दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर! अलंग किल्ल्याकडून येणारी डोंगरधार सांध्यावर तुटून भलतीकडेच निघायची. आधी वाटलं खळ पातळ झाली, मग मुंबईच्या जुलैच्या हवेला शिव्या घातल्या, तीनदा काढला तीनदा लावला, एक कोपरा फाटला तो टिश्यूने (दुरुस्तीच्या पातळ कागदाने) जोडला. टिश्यूवरून आठवलं, ऑनलाइन 'जपानी' म्हणून मागवलेला साधा बटरपेपर निघाला, पैसे गेले. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला म्हणणाऱ्यांनो, कसर लागत नाही हे खरं, पण तांब्याने कागद हळूहळू ठिसूळ होतो, मी नाही घालणार.

काल सहज आठव्याच्या मार्जिनला मागून ओला ब्रश फिरवला तर कागद आडवा गुंडाळला. बाकी सातही तपासले, सगळे उभे. ग्रेनच (कागदातल्या तंतूंची दिशा) वेगळी! ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो. एक उंचीत फुगतोय, बाकीचे रुंदीत, जुळणार कसे. मग दिव्याखाली नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. कळसूबाईच्या ५४०० (फूट) आकड्याखाली अर्ध्या वीतभर अंतरावर भंडारदऱ्याचं निळं पाणी छापलंय. ते पाणी अडवणारं विल्सन डॅम पुरं झालं १९२६ ला आणि वरच्या मार्जिनवरचं सर्व्हेचं साल त्याच्या बरंच आधीचं. म्हणजे कुणीतरी नंतरच्या आवृत्तीतला तुकडा कापून बेमालूम बसवलाय, आणि मी तीन आठवडे सांध्यातल्या रेषाच मोजत बसलो, शेजारचं अख्खं तळं दिसलं नाही. चोरबाजारात घेताना तर विकणाऱ्याने नकाशा उलगडूनही दाखवला होता.

आता प्लॅन असा होता की हा काढून ठेवायचा आणि जुन्या आवृत्तीतला शोधायचा. पण लिहितालिहिता वाटतंय, का काढायचा? कुणाला तरी तळं हवं होतं म्हणूनच तो आला असेल ना. तर कंटूर मधोमध जुळवून चूक वरखाली एकेक मिलिमीटर वाटून टाकतो, सांध्यातली फट नेहमीपेक्षा जरा रुंद ठेवतो, घडीही सोपी पडेल. आणि खळ यावेळी घट्ट, म्हणजे कागद कमी भिजेल.

मलमल संपलंय. शनिवारी मंगलदास मार्केट. कोरं घेऊन आधी त्याची खळ दोनदा उकळून काढायची, मागे मी एकदाच धुतलं होतं आणि सुरकुत्या पडल्या.