गव्हर्नरच्या खालची ओळ

इथे टेक्सासमध्ये निवडणूक आली की आपली मराठी मंडळी गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी) कोण होणार यावर तासन्‌तास बोलतात, पण मतपत्रिकेवर त्याच्या लगेच खाली लेफ्टनंट गव्हर्नरची ओळ असते तिच्याकडे कोणी नीट बघतच नाही आणि मला ते फार खटकतं.

दिल्लीचे नायब राज्यपाल नेमलेले असतात, इथला मात्र थेट लोक निवडतात, तेही गव्हर्नरपासून वेगळं मत देऊन. आणि पद नावापुरतं अजिबात नाही! राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह, म्हणजे ३१ जणांची सेनेट, हाच चालवतो, कुठल्या कमिटीवर कोण आणि कुठलं बिल पुढे सरकणार ते बऱ्यापैकी याच्या हातात. नेहमीचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं, त्यात तुमचं बिल अडकलं की बसा वाट बघत.

१९९८ची गोष्ट ऐका. याच पदासाठी रिपब्लिकन रिक पेरी विरुद्ध डेमोक्रॅट जॉन शार्प, दोघं टेक्सास ए अँड एम कॉलेजात बरोबर शिकलेले, जुने दोस्त. जॉर्ज डब्ल्यू. बुश त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी ६८ टक्के मतं घेऊन आरामात आले, पण त्यांच्याच पार्टीच्या पेरींना ५० टक्के गाठताना घाम फुटला, शार्पना ४८ टक्के, फरक साधारण ६९ हजार मतांचा आणि मतदान झालेलं जवळजवळ ३७ लाख. म्हणजे बुशना मत देणाऱ्या लाखो लोकांनी खालच्या ओळीत पेरींना दिलं नाही, लोक विचार करून बटण दाबत होते हे मला खूप भारी वाटतं.

दोन वर्षांनी बुश राष्ट्राध्यक्ष झाले, गव्हर्नरपद सोडलं आणि लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून पेरी आपोआप त्या खुर्चीत बसले ते थेट जानेवारी २०१५ पर्यंत, टेक्सासमध्ये इतकी वर्षं कोणीच गव्हर्नर नव्हतं. शाळांचा पैसा, रस्ते, हेल्थ, १४ वर्षांचे सगळे निर्णय त्यांच्या सहीने. आणि गव्हर्नर असताना २००५ मध्ये टॅक्स सुधारणेच्या कमिशनवर त्यांनी प्रमुख कोणाला नेमलं, तर शार्पनाच.

तुमचं कोणी इथे सिटिझन असेल तर फोनवर एवढं नक्की सांगा, मतदान केंद्रात मोबाईल वापरता येत नाही पण कागद चालतो, घरीच सगळ्या ओळींचे उमेदवार बघून नावं लिहून न्या, इथे जजही मतं देऊन निवडतात, त्यांची यादी तर संपता संपत नाही.