उत्तीर्णतेचे किमान गुण

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातून मी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत बहुतेकांनी माझ्या कारकिर्दीत झालेल्या सामंजस्य करारांची संख्या सांगितली. त्यांचा हेतू कौतुकाचाच होता आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्यांपैकी निम्म्याहून अधिक करार सह्या आणि छायाचित्रांपलीकडे कधी गेलेच नाहीत, हे त्या करारांची कपाटे सांभाळणारी मी जाणून होते. इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोन देशांतील उच्च शिक्षणाचे सहकार्य म्हणजे एकाने दिलेल्या कागदावर दुसऱ्याने विश्वास ठेवणे. आणि तो विश्वास करारातून आपोआप येत नाही, कोणीतरी टेबलाशी बसून तो एकेका विद्यार्थ्यासाठी मिळवावा लागतो.

जालना जिल्ह्यातील एका मुलीचे उदाहरण मला अजून तपशीलवार आठवते. तिला बी.एस्सी.ला ७१ टक्के गुण होते, आमच्याकडे हे विशेष प्रावीण्याच्या उंबरठ्यावरचे गुण. जर्मनीतील ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिने अर्ज केला होता, तिथे २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी हवी होती. जर्मन पद्धतीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. परदेशी गुणांचे रूपांतर करताना तिथे कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करतात, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागतात, तीनने गुणतात आणि एक मिळवतात. आमच्या गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेचे किमान गुण छापलेले नव्हते. समोरच्या कार्यालयाने ते ५० धरले आणि तिची श्रेणी २.७४ आली, अर्ज नामंजूर झाला. प्रत्यक्षात आमच्याकडे उत्तीर्णतेसाठी ४० गुण लागत होते, आणि ४० धरले की तेच ७१ टक्के २.४५ होतात. मुलगी तीच, गुणही तेच. परीक्षा विभागाकडून तसे दोन ओळींचे पत्र मिळवायला मला नऊ दिवस लागले, कारण असे पत्र पूर्वी कोणी मागितलेच नव्हते आणि त्यावर सही कोणी करायची हे ठरलेले नव्हते. पत्र गेले आणि तिला प्रवेश मिळाला. त्यानंतर मी त्या पत्राचा नमुना कायमचा तयार करून घेतला. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी काम तेच, असे मी आजही मानते.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्नही असाच. १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर, म्हणजे पदव्यांची रचना परस्परांशी जुळती करण्याचे युरोपीय देशांनी ठरवल्यानंतर, तिथल्या अनेक देशांत तीन वर्षांची पदवी रुळली, त्यामुळे तिकडे आमच्या मुलांची वाट मोकळी झाली. अमेरिकेत मात्र अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण, म्हणजे बारावीनंतर चार वर्षे, मागत राहिली. आता चार वर्षांची पदवी आली आहे, त्यामुळे ही अडचण कमी होईल.

बाहेर जाणाऱ्यांविषयी आपण सगळेच आस्थेने बोलतो. आपल्याकडे येणाऱ्यांविषयी तितक्या आस्थेने बोलत नाही, आणि ही माझी मोठी खंत आहे. छत्रपती संभाजीनगरात येमेन, सुदान, इराक या देशांतून विद्यार्थी कित्येक वर्षे येत आहेत. बेगमपुऱ्यात राहून ते दखनी बोलायला शिकले, इथले नान-खलियाचे जेवण त्यांना आपलेसे वाटले. परंतु आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की बैठकीत युरोप-अमेरिकेची नावे निघत आणि हे विद्यार्थी केवळ ‘परकीय नागरिक नोंदणी’च्या विषयात येत. ज्या शहराची पायाभरणी १६१० साली खडकी या नावाने मलिक अंबरने, म्हणजे हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने केली, त्या शहराला तरी परदेशी माणूस कोणत्या दिशेने येतो यावरून त्याची किंमत ठरवणे शोभत नाही. एका इथिओपियन विद्यार्थ्याला मी खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी नेले होते. तो बराच वेळ तिथे उभा राहिला आणि परतताना गाडीत त्याने मला त्या माणसाबद्दल इतके प्रश्न विचारले की, माझे इतिहासाचे ज्ञान अपुरे पडले.

२०१५च्या मार्चमध्ये येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले. भारताने ‘ऑपरेशन राहत’ राबवून तिथून ४,६००हून अधिक भारतीयांना परत आणले. त्याच दिवसांत माझ्यासमोर एक येमेनी संशोधक विद्यार्थी बसलेला असे, ज्याला घरी जाता येत नव्हते आणि ज्याच्या घरून पैसेही येत नव्हते. त्याच्या निवासाची मुदत संपत आली होती. मुदतवाढीसाठी बोनाफाइड, म्हणजे विद्यार्थी असल्याचे प्रमाणपत्र हवे, बोनाफाइडसाठी शुल्क भरलेले हवे, आणि शुल्क भरायला पैसे नव्हते. त्यातच त्याच्या घरमालकांनी खोली सोडायला सांगितली. परदेशी व्यक्ती राहायला आली की घरमालकाला चोवीस तासांच्या आत ‘सी फॉर्म’ भरून तसे कळवावे लागे, त्याची त्यांना धास्ती होती. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “लेकरू चांगलं हाय मॅडम, पण ते पोलिसाच्या कागदाचं आपल्याला जमत नाही बघा.” मी त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून त्यांच्यादेखत तो अर्ज भरला. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. तो मुलगा पुढची तीन वर्षे त्याच खोलीत राहिला. शुल्काला हप्ते मिळवून देण्यासाठी मात्र मला चार टेबलांवर तेच म्हणणे चार वेळा मांडावे लागले.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय असावे असे सुचवले, २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम आणले. हे फार चांगले झाले. परंतु त्या कार्यालयात एक कंत्राटी कर्मचारी नेमायचा आणि दर अकरा महिन्यांनी बदलायचा, अशी रीत राहिली, तर समोरच्या विद्यापीठाने ईमेलला उत्तर मिळण्याची अपेक्षा कोणाकडून करायची? ओळख माणसाशी होते, आणि ती व्हायला वर्षे लागतात.

तो येमेनी विद्यार्थी आता स्वतः शिकवतो. मागच्या महिन्यात त्याचा ईमेल आला. त्याच्या एका विद्यार्थिनीला भारतात एम.एस्सी. करायचे आहे, सोबत तिची गुणपत्रिका जोडली होती आणि खाली, मी न विचारताच, त्याने लिहिले होते की, त्यांच्याकडे उत्तीर्णतेचे किमान गुण ५० आहेत, तसे विभागप्रमुखांचे सही-शिक्क्याचे पत्रही जोडले आहे. मी ते दोन्ही कागद कक्षातील नव्या मुलीकडे पाठवले आणि तिला फोन करून त्या पत्राचा अर्थ समजावून सांगितला.