पेंग्विनचे पाय आणि दोन मीटर नळी

बार्देशातील एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात ‘चरबी व दाट पिसांमुळे पेंग्विन उबदार राहतो’ असे फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, जेटीवर बर्फातले बांगडे उपसताना माझ्या बाबांची बोटे बधिर होतात. पेंग्विनच्या पायांना तर पिसेही नाहीत. मग त्याचे पाय गोठत कसे नाहीत?" वडील मालिम जेटीवर मासळी उतरवत असल्याने प्रश्न घरचाच होता. तळव्याची कातडी जाड असते, हे माझे वर्षानुवर्षांचे उत्तर लंगडे आहे, हे मला त्याच क्षणी जाणवले.

दुसऱ्या दिवशी मी एसी दुरुस्त करणाऱ्याकडून दोन मीटर तांब्याची नळी आणली आणि ती एका रुंद प्लास्टिकच्या नळीत ओवली. आतून ५२ अंशांचे गरम पाणी आणि बाहेरून ४ अंशांचे बर्फाचे पाणी, दोन्ही अगदी संथ, एकाच दिशेने सोडले. टोकाशी दोन्ही जवळपास सारखीच कोमट निघाली; मुले हिरमुसली, मीही. मग थंड पाणी उलट्या टोकाने सोडताच तापमापी पाहणारी मुलगी ओरडली, कारण गरम पाणी १७ अंशांवर बाहेर पडत होते आणि थंड पाणी ३८ वर.

पेंग्विनच्या पायात हेच घडते. खाली जाणाऱ्या धमनीतील उष्णता शेजारून वर येणारे थंड रक्त उचलते व शरीरात परत नेते, त्यामुळे पाय गोठणबिंदूच्या जेमतेम वर आणि धड सुमारे ३८ अंशांवर राहते. पाय हलवणारे बहुतेक स्नायू वर, पिसांच्या उबेत असतात. खाली मुख्यतः कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. म्हणजे पाय उबदार ठेवलेलेच नसतात, ते मुद्दाम गार ठेवलेले असतात, आणि बर्फाला द्यायला तिथे उष्णताच फारशी उरत नाही. एम्परर पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने उपाशीपोटी अंडे पायांवर घेऊन उभा असतो. अंड्याला ऊब मिळते ती वरून झाकणाऱ्या पोटाच्या उघड्या त्वचेची.

"मग बाबांच्या हातात अशी नळी नाही?" त्या मुलाने विचारले. आहे, मी म्हणालो, हातातही धमन्यांना लागून शिरा असतात. पण आपली बोटे गार पडली की आधी संवेदना हरपते. तो गप्प बसला. मी फळ्यावर चरबी आणि पिसांच्या शेजारी ‘उलट दिशेने वाहणारे रक्त’ असे लिहिले आणि सांडलेले पाणी पुसायला फडके मागवले.