आमच्या शेतातल्या मातीत रोगजंतू आहेत का, तपासून देता?

पाऊस तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. मी मातीतल्या जीवाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या वाडीत कुणी लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) गेलेलं असतं, कुणी पेपरात मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातल्या जीवाणूमुळे होणाऱ्या आजाराबद्दल वाचलेलं असतं, आणि मग फोन येतो: "ताई, आमच्या कुणग्यातली, म्हणजे भातखाचरातली, थोडी माती पाठवतो, काय आहे ते बघून सांगा." कुणी विचारत बसत नाही, थेट एसटीच्या कंडक्टरकडे पिशवीच देतो.

अपेक्षा चुकीची नाही. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका मिळायला लागली, मूठभर मातीवरून सामू, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असे बारा आकडे छापून येतात. मग त्यातच एक रकाना रोगजंतूंचा का नसावा?

नसतो, आणि मीही तो भरून देत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून कारण जरा सविस्तर सांगते.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. त्यातल्या बहुतेकांचं तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. आपल्याला हवा असलेला रोगजंतू असलाच, तर अगदी थोडा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळ्या नुसत्या काड्या आणि ठिपके. कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. म्हणून या कामाची रीत उलटी आहे. हव्या त्या जंतूला शोधत बसायचं नाही, बाकीच्यांना मारायचं किंवा उपाशी ठेवायचं. ज्याला ते सोसतं तो उरतो.

ही युक्ती जुनी आहे. धनुर्वात मातीतून होतो हे 1884 मध्ये जर्मनीत आर्थर निकोलायरने प्राण्यांना माती टोचून दाखवलं, पण तो जंतू काही त्याला इतरांपासून सुटा करता आला नाही. ते जमलं 1889 मध्ये कितासातो शिबासाबुरो या जपानी माणसाला, बर्लिनमध्ये जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत. त्याने जंतूंचं मिश्रण सुमारे 80 अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे मेले, धनुर्वाताचे बीजाणू (जंतूची टणक कवचातली, झोपलेली रूपं) तगले. मग हवा काढून हायड्रोजनमध्ये वाढवल्यावर हवा तो जंतू एकटा हातात आला.

मेलिऑइडोसिसचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, याला बीजाणू नाहीत, त्यामुळे तापवून उपयोग नाही. रंगून ब्रिटिश हिंदुस्थानात होतं तेव्हा तिथे आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्याचे सहकारी कृष्णस्वामी यांना तो शवविच्छेदनात सापडला, आणि 1912 मध्ये त्यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्याची हकीगत छापली. (कृष्णस्वामींचं नाव सहसा कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते.) तो माती-पाण्यात राहतो हे पक्कं व्हायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली. याचा हट्ट वेगळा आहे: कोलिस्टिन आणि जेंटामायसिन ही औषधं तो सहज पचवतो. म्हणून तीच औषधं त्याला शोधायला वापरतात. आणि याच कारणाने रुग्णाला जेंटामायसिन देऊन ताप हटत नाही.

प्रत्यक्षात ते असं चालतं. शेतात 30 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा. वरची माती उन्हाने तापते, वाळते. हा जंतू खाली ओलीत बसतो आणि पावसात पाण्याबरोबर वर येतो. खड्ड्याच्या तळातून सुमारे 10 ग्रॅम माती. दुसऱ्या खड्ड्याआधी अवजार धुऊन 70 टक्के अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर एका खड्ड्यातला जंतू आपणच पुढच्या खड्ड्यात नेऊन लावतो. नमुना उन्हात ठेवायचा नाही आणि फ्रीजमध्येही नाही. तुम्ही काळजीने बर्फात घालून पाठवलेली पिशवी त्यामुळे बाद होते.

प्रयोगशाळेत ती माती थ्रिओनिन (एक अमिनो आम्ल) आणि कोलिस्टिन घातलेल्या पाण्यात ढवळून 40 अंशांवर दोन दिवस ठेवतात. वरचं पाणी थेंबभर घेऊन अ‍ॅशडाऊनच्या प्लेटवर पसरतात. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या लेस्ली अ‍ॅशडाऊनने 1979 मध्ये हे मिडियम, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, सांगितलं: जेंटामायसिन, क्रिस्टल व्हायोलेट, न्यूट्रल रेड, ग्लिसरॉल. मग रोज बघायचं, सात दिवस. पहिल्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, काही विशेष नाही. पुढे हळूहळू ते जांभळे, कोरडे, वाळलेल्या कोकमासारखे सुरकुतलेले होतात. प्लेट उघडी हुंगायची नाही, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगावं लागतं. हा जंतू श्वासावाटेही शिरतो, म्हणून त्याच्या वाढीचं काम बीएसएल-3 दर्जाच्या, म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या, खोलीत करतात. तशी खोली तालुक्याच्या गावी नसते.

सुरकुत्या दिसल्या म्हणून लगेच आरोळी ठोकायची नाही. बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस नावाचा त्याचा भाऊबंद मातीतच राहतो, त्याच प्लेटवर तसाच वाढतो, आणि माणसाच्या वाटेला जवळजवळ जात नाही. अ‍ॅराबिनोज ही साखर तो खातो, रोगकारक खात नाही. तिथे उलगडा होतो, किंवा मग पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने.

"मग थेट पीसीआरच का करत नाही?" हा दुसरा फोन. करतो. पण मातीतून डीएनए काढताना सोबत कुजलेल्या पालापाचोळ्यातलं ह्युमिक आम्ल येतं आणि ते पीसीआर अडवतं. जितकी माती काळी, सुपीक, तितका त्रास जास्त. शिवाय पीसीआरला मेलेला जंतूही दिसतो आणि जिवंतही, दोघांत तो फरक करत नाही.

लेप्टोची तऱ्हा आणखी निराळी. तो जंतू बारीक, मळसूत्री, 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून निसटून जाणारा. म्हणून गाळून वेगळा काढतात. पण वाढायला आठवडेच्या आठवडे घेतो, आणि तोवर मातीतले निरुपद्रवी लेप्टोस्पायरा भराभर वाढून त्याला झाकून टाकतात.

आता तुमच्या पिशवीकडे येते. समजा सगळं नीट झालं आणि काही वाढलं नाही. याचा अर्थ त्या 10 ग्रॅममधून काही वाढलं नाही, एवढाच. हा जंतू शेतात सारखा पसरलेला नसतो. एका खड्ड्यात मिळतो, शेजारच्यात मिळत नाही. एका भातखाचरासाठी 100 ठिकाणचे नमुने घ्यावेत, असं 2013 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून ठरवलं, ते याचसाठी. एका पिशवीवर "शेत स्वच्छ" असा कागद दिला तर तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि तो निर्धास्तपणा मला जंतूपेक्षा जास्त घातक वाटतो.

आणि सापडलाच तर? माती बदलता येत नाही, शेत सोडता येत नाही. हा जंतू नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये 16 वर्षं जिवंत राहिल्याची नोंद थायलंडमधल्या संशोधकांनी केली आहे, तेव्हा औषध मारून तो जाईल ही आशा नको. कर्नाटक किनाऱ्यावरच्या उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात रुग्ण सापडतात, तिथेही लोक भात लावतातच. चिखलात सगळेच उतरतात. आजारी मुख्यतः मधुमेही, मूत्रपिंड किंवा फुफ्फुस दुबळं असलेले आणि खूप दारू पिणारे पडतात. रुग्णांतले निम्म्याहून अधिक मधुमेही असतात. म्हणजे मातीच्या रिपोर्टपेक्षा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट तुमच्याबद्दल जास्त सांगतो.

गमबूट घाला असं सगळ्या पत्रकांत लिहिलेलं असतं. लिहिणारा कधी चिखलणी झालेल्या खाचरात उतरला नसावा. तिथे बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. तरी पायाला जखम असेल तर त्या दिवशी लावणीला उतरू नका, मधुमेह असेल तर नक्कीच नको, आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. लेप्टोसाठी आरोग्य खात्याकडून डॉक्सीसायक्लिन मिळतं, ते आठवड्यातून एकदा सांगतील तसं घ्या. मेलिऑइडोसिसला त्याचा आधार धरू नका.

चिखलात काम केल्यावर ताप आला आणि चार-पाच दिवसांत उतरला नाही, छातीत कफ झाला, कुठे गळू आलं, तर डॉक्टरांना शेतकामाचं आणि साखरेचं सांगा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातून जंतू वाढवून बघायची तपासणी) करता येईल का, ते विचारा. हा आजार टीबीसारखा दिसतो, आणि मग महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालतात. खरं निदान झालं तर किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, आणि नंतर निदान तीन महिने को-ट्रायमोक्साझोल. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर तो उलटतो.

पिशवी आधीच निघाली असेल तर मी ती मृद चाचणीवाल्यांकडे देईन. नत्र-पालाश तरी कळेल.