अंधारात रस्ता तपासताना

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध जगभर पाळले जातात, १९९१ पासून. मोर्चे, फलक, घोषणा यांत मी याआधीही होते आणि त्यांची गरज मला आजही वाटते. यंदा मात्र आमच्या गटाने सुरक्षा फेरी काढायचं ठरवलं.

म्हणजे असं की, ज्या रस्त्याने जाताना बायकांना भीती वाटते, तिथून अंधार पडल्यावर सगळ्यांनी मिळून चालायचं आणि दिसेल ते जागच्या जागी लिहून घ्यायचं. ही पद्धत १९८९ मध्ये टोरोंटोतल्या मेट्रॅक या संस्थेने बसवली आणि तिथून ती देशोदेशी गेली. रोज त्या रस्त्याने जाणारी बाईच त्या रस्त्याची जाणकार, हे तिचं मूळ सूत्र. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण एरवी आमच्या सुरक्षिततेचे निर्णय आम्हाला न विचारताच होतात.

आधीच्या बैठकीत खडाजंगी झाली. फेरीत नोंदी करायच्या तक्त्यात ‘बायकांनी उशिरा एकटीने जाऊ नये’ अशी सूचनाही असावी, असं एकाचं म्हणणं. फेरीची जबाबदारी घेतलेल्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, “बाईने काय करावं ते या कागदावर येणार नाही. रस्त्यात काय कमी आहे, तेवढंच लिहायचं.” पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं.

प्रत्यक्ष चालताना डोळे उघडले. दिवे चालू होते, पण उजेड गाड्यांच्या वाटेवर. पदपथावर फांद्यांची दाट सावली. आमच्यातली एक जण थोडी पुढे जाऊन उभी राहिली, तर चेहरा ओळखूच येईना, नुसती आकृती दिसत होती. व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीला पदपथावर लावलेल्या गाड्यांमुळे पुन्हा पुन्हा भर रस्त्यात उतरावं लागलं. पुढे एक लांबलचक भिंत होती. तिला ना खिडकी, ना फाटक. तिथे उजेड होता, तरी मागे कुणी लागलं तर वळायचं कुठे? त्या जागेला एका पुरुष कार्यकर्त्याने ‘ठीक’ असा शेरा दिला. शेजारच्या मुलीने लिहिलं, ‘इथे पळावंसं वाटतं’. आम्ही दोन्ही शेरे तसेच ठेवले.

‘परिसर असुरक्षित आहे’ असा मोघम अर्ज आम्ही केला नाही. खांबाचा क्रमांक, वेळ, फोटो, अडचण असं ओळीने मांडलं. तरीही दिव्यांचं खातं झाडांच्या खात्याकडे बोट दाखवी आणि झाडांचं दिव्यांच्या. शेवटी दोन्हीकडच्या माणसांना एकाच संध्याकाळी त्या फांदीखाली बोलावलं. अंधारात उभं राहिल्यावर वाद आपोआप मिटला. हा उपाय मी कुणालाही सुचवेन. दुपारी, कार्यालयात बसून ती सावली दिसतच नाही.

फांद्या छाटल्या गेल्या. पदपथासाठी खालच्या उंचीचे दिवे मंजूर झालेत, अजून बसलेले नाहीत. भिंतीत फाटक काढण्याच्या मागणीला अद्याप उत्तर नाही. त्यासाठी दुसरं पत्र दिलं आहे आणि या वेळी त्या मुलीचा शेरा जसाच्या तसा सोबत जोडला आहे.